लाइन फुकट, भोक पाडायचे वेगळे

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘नवे घर’ असा ठरवला आणि लेखकांना घराचा एकेक कोपरा वाटून दिला. कुणाला ओटा मिळाला, कुणाला देव्हारा, कुणाला गृहकर्जाचे हप्ते. माझ्या वाट्याला टेलिफोन आला. आजकाल घरात फोनची लाइन घेतो कोण, असे अगदी ओठांवर आले होते, पण त्याआधीच ते म्हणाले, “तळोज्याला जाऊन ये. तिथं रोज नव्या घरांची कुलपं उघडतायत. लाइन घ्यायला किती पडतात, एवढंच विचार.”

एवढेच विचारायला गेलो, तर उत्तर पेंधर मेट्रो स्थानकातून उतरल्याउतरल्याच मिळाले. रस्त्याच्या कडेला मोठी छत्री, खाली घडीचे टेबल, टेबलावर दगडाखाली दाबलेली पत्रके आणि मागे कंपनीचा टी-शर्ट घातलेला विशीतला मुलगा. “इन्स्टॉलेशन एकदम फ्री, सर. आज फॉर्म भरा, उद्या चालू.” पत्रकावरही तेच, ठळक अक्षरांत. परतीची मेट्रो पकडायला हरकत नव्हती. पण पत्रकाच्या तळाशी, चष्मा कपाळावर ढकलून वाचावे लागेल अशा टायपात, दोन चांदण्या होत्या. त्यांचा अर्थ विचारल्यावर त्याने काहीही न लपवता सांगितला. सहा महिन्यांचे पैसे आधी भरले तर फ्री. दरमहा भरायचे असतील तर बसवणीचे वेगळे. जीएसटी वेगळा. आणि बिल्डिंगमध्ये कंपनीचा बॉक्स नसेल तर “बघावं लागेल.”

या ‘बघावं लागेल’च्या पोटात काय काय आहे, त्याचाच हा लेख.

ताबा मिळाला, पत्ता नाही

तळोजा पाहिलेले नसेल त्यांच्यासाठी थोडे. बेलापूरहून खारघरमार्गे येणारी ११ किलोमीटरची मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली; तिचे शेवटचे स्थानक पेंधर. नाव मूळच्या गावाचे. पेंधर, घोट, रोहिंजण, तोंडरे ही गावे अजून आपल्या जागी आहेत. त्यांच्या भातखाचरांवर भराव पडला आणि वर वीस-वीस मजले चढले. एका अंगाला मध्यवर्ती कारागृह, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी; वारा उलटा फिरला की रात्री कारखान्यांचा वास थेट हॉलमध्ये. घरांच्या जाहिरातींत मात्र या भागाला ‘खारघरलगत’ म्हणायची पद्धत आहे.

सिडकोने २०१८ मध्ये पाच वसाहतींत मिळून सुमारे १५ हजार घरांची सोडत काढली, त्यांत तळोजा होते. घरे दोन मापांची: २५.८१ आणि २९.८२ चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे आणि सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. ताबा मिळायला २०२१ उजाडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ हजार घरांची आणखी एक योजना आली, तिच्यातही तळोज्याचा वाटा आहेच. शिवाय खासगी बिल्डरांचे टॉवर. त्यामुळे इथे वर्षभर कुणी ना कुणी टेम्पोतून गॅसचा सिलिंडर, गादी आणि तुळशीची कुंडी उतरवत असते.

सिडकोच्या अशाच एका इमारतीत मानखुर्दहून आलेले कुटुंब भेटले. नवरा एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात शिफ्टला, बायको घरून विम्याच्या कागदांची तपासणी करते. ताईंची नोकरी इंटरनेटवर अवलंबून, म्हणून सामान लागायच्या आधी त्यांनी लाइनसाठी फॉर्म भरला. पहिला अडथळा आला तो पत्त्याचा. आधार कार्डावर मानखुर्द. महावितरणचे मीटर अजून त्यांच्या नावावर चढलेले नाही. बँकेच्या पासबुकावर माहेरचा पत्ता. “मी म्हटलं, घर माझं, किल्ली माझ्या हातात, आणि मी इथं राहते हे सिद्ध कसं करू? शेवटी इंडेक्स टूची झेरॉक्स चालली.” भाडेकरूंचे त्याहून अवघड. त्यांना नोंदणी केलेला भाडेकरार दाखवावा लागतो, आणि भिंतीला भोक पाडायचे म्हणून घरमालकाचा होकारही. यातली गंमत अशी की लँडलाइनचे ताजे बिल हा पासपोर्टपासून सगळीकडे चालणारा पत्त्याचा पुरावा आहे. पत्ता सिद्ध करायला फोन हवा आणि फोन घ्यायला पत्ता.

ताईंचा खर्च त्यांनी वहीत लिहून ठेवला होता. योजना महिना ३९९ रुपयांची. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७० रुपये ८२ पैसे. सहा महिन्यांचे एकदम भरले, २,८२५. बसवणी खरोखरच शून्य. त्याखाली वेगळ्या शाईत: जास्तीची वायर, ड्रिलवाल्याचे, भिंतीला पुन्हा पुट्टी मारणाऱ्याचे, लाइट गेल्यावर राउटर चालावा म्हणून घेतलेल्या छोट्या बॅटरीचे. या खालच्या चार ओळींची बेरीज वरच्या आकड्याच्या जवळ जात होती. “कंपनीनं काही खोटं नाही सांगितलं,” ताई म्हणाल्या. “कंपनीचं फ्रीच होतं. बाकीच्यांचं नव्हतं.”

आठ हजार भरा आणि वाट पाहा

हे ‘बाकीचे’ पूर्वी नव्हतेच. पूर्वी एकच दार होते आणि ते सरकारी होते. टेलिफोन खात्यात जॉइंटर म्हणून लागलेले आणि बीएसएनएलमधून निवृत्त झालेले एक काका खारघरमध्ये राहतात. जॉइंटर म्हणजे जमिनीखालच्या केबलींच्या शेकडो जोड्या रंग बघून एकमेकींना जुळवणारा माणूस. काकांचा उजवा अंगठा अजून बोलताना तार पिळल्यासारखा फिरतो.

“आमच्या वेळी खर्च विचारायचा नाही, नंबर विचारायचा,” ते म्हणाले. नंबर म्हणजे प्रतीक्षायादीतला. साध्या यादीत नाव घातले की वर्षे जात. डॉक्टर, पत्रकार वगैरेंची ‘स्पेशल’ यादी जरा पुढे सरके. ज्याच्याकडे पैसे असत त्याच्यासाठी ओवायटी, ‘ओन युवर टेलिफोन’. ऐंशीच्या दशकात त्याची अनामत होती ८ हजार रुपये, आणि ती भरूनही फोन लगेच मिळेलच असे नाही. कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार सरकारजमा करून माणूस घरी येऊन वाट बघत बसे. खासदारांच्या शिफारशीचा कोटा होता, त्यामुळे निवडणूक नसतानाही खासदारांच्या घरी गर्दी असे. नव्वदच्या दशकात ‘तत्काळ’ निघाले: ३० हजार मोजा आणि रांग ओलांडा. १९९१ साली सबंध देशात सुमारे ५० लाख फोन होते, त्या आकड्यापुढे या रकमांचा अर्थ लागतो.

उरलेल्यांचे काम शेजाऱ्यांवर चाले. व्हिजिटिंग कार्डावर, लग्नाच्या जाहिरातीत, दुकानाच्या पाटीवर नंबरापुढे कंसात ‘पी. पी.’ लिहिलेले असे, म्हणजे फोन आमचा नाही, बोलावून देतात. फोनवाल्या घरची काकू गॅलरीतून हाक मारी आणि अख्ख्या चाळीला कळे की कुणाकडे मुंबईबाहेरून फोन आलाय. ज्यांच्याकडे यंत्र आले ते त्याला हळदकुंकू लावत, क्रोशाचे आच्छादन घालत आणि डायलला छोटे कुलूप. येणारे फोन फुकट, जाणारे मोजून.

तळोज्याच्या बाबतीत आणखी एक भानगड होती. एमटीएनएल १९८६ मध्ये निघाली, तिचे तारांचे राज्य मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरते. पनवेलकडचा भाग खात्याकडेच राहिला आणि १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएलकडे गेला. “बेलापूरपर्यंत त्यांचं, डोंगर ओलांडला की आमचं,” काका म्हणाले. कोड मात्र दोन्हीकडे ०२२. जिल्हा रायगड, फोन मुंबईचा. काकांच्या आठवणीत तळोज्याकडची कामे म्हणजे एमआयडीसीची. कारखान्यांना लाइन आधी, वस्तीला सवडीने. आज टॉवर उभे आहेत त्या जागी चिखलातून केबलचे ड्रम ढकलत नेल्याचे त्यांना आठवते.

मी त्यांना ताईंच्या वहीतला हिशेब सांगितला. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, “आम्ही घरात तार न्यायचो तेव्हा बिल्डिंगवाला आम्हाला चहा पाजायचा. आता बिल्डिंगवालाच कंपनीकडून चहा मागतो.”

रस्ता कुणाचा, डक्ट कुणाचे

काकांच्या या वाक्यात सगळे आले, तरी उलगडून सांगायला हवे, कारण पैसे जिरतात ते इथेच.

कंपनीची मुख्य केबल मोठ्या रस्त्याखालून जाते. रस्ता खोदायचा तर तो ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी हवी. तळोज्यात काही रस्ते सिडकोकडे, काही ऑक्टोबर २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महापालिकेकडे, काही एमआयडीसीकडे. खोदल्यावर रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे आधी भरायचे. पावसाळ्यात खोदाई बंद. म्हणून हल्ली आडवे भोक पाडणारे यंत्र आणतात: एका टोकाला खड्डा, दुसऱ्या टोकाला खड्डा, मधला रस्ता शाबूत. पण त्याच मार्गाने पाण्याची, गॅसची आणि विजेची लाइन गेलेली असते, आणि नव्या वसाहतीत कुणा ना कुणाची जेसीबी रोज चालूच असते. खोदण्याआधी एकमेकांना कळवावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे अ‍ॅप काढले. जेसीबीच्या ड्रायव्हरने ते फोनवर घेतलेय का, असे मी एकाला विचारले. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यावरून पुढचा प्रश्न गिळला.

हा रस्त्याचा खर्च मोठा असला तरी तो हजारो घरांत वाटला जातो आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही. झोंबतो तो गेटपासून दारापर्यंतचा. इमारतीच्या फाटकाच्या आत शिरले की सरकार संपते आणि सोसायटी सुरू होते. सोसायटी झालेली नसेल तर बिल्डर. उंच इमारतीत प्रत्येक मजल्यावर लिफ्टशेजारी एक अरुंद कपाट असते, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सलग. त्याला डक्ट म्हणतात. विजेच्या, इंटरकॉमच्या, केबल टीव्हीच्या, सीसीटीव्हीच्या वायरी त्यातूनच. कागदावर टेलिफोनसाठी वेगळे डक्ट असते. एका खासगी टॉवरच्या अकराव्या मजल्यावरचे दार वॉचमनने उघडून दाखवले, तर आतून आधी दोन केरसुण्या आणि एक रंगाचा डबा निघाला. मागे तीन कंपन्यांच्या वायरी, एक मेलेली इंटरकॉमची केबल आणि कुणाचा तरी राउटरचा रिकामा खोका. पाइप एकच, दोन इंची, तोही आठव्या मजल्याला सिमेंटने बुजलेला. प्लास्टर करताना गवंड्याने बुजवला असणार.

असा पाइप बुजला की वायर बाहेरून येते. गच्चीवरून खाली सोडायची आणि तुमच्या मजल्यावर खिडकीतून आत घ्यायची. म्हणून तळोज्यातल्या टॉवरांच्या मागच्या बाजूला काळ्या वायरी लोंबताना दिसतात. गच्चीवरून सोडायला दोन माणसे लागतात, एक वर आणि एक खिडकीत. वरच्याने वाऱ्याच्या दिवशी काम करायला नकार दिला तर त्याला दोष देता येत नाही. त्या दोघांचे पैसे ‘जास्तीची वायर’ या नावाने ताईंच्या वहीत आले होते.

आणि त्याही आधी प्रश्न असतो कोणत्या कंपनीला आत येऊ द्यायचे याचा. काही बिल्डर ताबा देण्याआधीच एकाच कंपनीशी बोलणी करून ठेवतात. बाकीच्यांना ‘डक्टमध्ये जागा नाही’. काही ठिकाणी केबल टीव्हीचा जुना मालक आहे, त्याच्यामार्फतच लाइन घ्यायची. हा केबलवाला इथलाच, ज्यांच्या जमिनी सिडकोने घेतल्या त्या गावांतला. त्याची बाजूही ऐकली. “साहेब, शेती गेली, बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट भावंडांत वाटला. ऐन पावसात खांबावर चढून आम्ही वायर ओढली तेव्हा इथं एक कंपनी नव्हती. आता टॉवर झाले तर म्हणतात, बाजूला व्हा.” त्याच्याकडे आज मोठ्या कंपन्यांच्याच लाइनींचे स्थानिक काम आहे, आणि रात्री अकराला फोन केला तर माणूस येतो तो त्याचाच. सोसायट्या त्याच्यावर वैतागतात आणि बंद पडले की आधी त्यालाच बोलावतात.

सोसायटीकडून ना-हरकत घ्यायची म्हटली की तिथे भाड्याची चर्चा निघते. गच्चीवर मोबाइल टॉवर बसवून मेंटेनन्स कमी झालेल्या इमारती सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मग डक्टमधल्या पेटीचेही भाडे का नको? वरवर रास्त वाटते. पण टॉवर सगळ्या परिसरासाठी असतो. ही पेटी फक्त त्या इमारतीतल्यांसाठी. तिचे भाडे कंपनीने दिले तरी फिरून कुणाकडून वसूल होणार, हे कळायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही.

कायदा या बाबतीत हळूहळू जागा होतोय. डिसेंबर २०२३ चा दूरसंचार कायदा आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले मार्गाधिकाराचे नियम यांनी सार्वजनिक जागेतली परवानगी थोडी सोपी केली. खासगी जागेत अजून मालकाशी करारच करावा लागतो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना फोन-इंटरनेटच्या सोयीनुसार तारांकन देण्याचे नियम काढले. कल्पना चांगली आहे. घर घेताना माणूस पाणी, पार्किंग आणि लिफ्ट विचारतो, डक्ट विचारत नाही. तारे दिसले तर कदाचित विचारेल. तळोज्यातल्या एकाही विक्री कार्यालयात मला ते तारे दिसले नाहीत. जिमचे फोटो मात्र होते.

दोन काचांची गाठ

एका नव्या घरी लाइन जोडणारा मुलगा स्कूटरवरून आला. पाठीवर सॅक, हातात ड्रिल, खांद्यावर वायरचे भेंडोळे. कंपनीच्या नोकरीत नाही, ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे, जोडणीमागे पैसे. दिवसाला जितकी घरे तितकी कमाई, त्यामुळे डक्ट बुजलेले निघाले की नुकसान त्याचे. “एका घरात दोन तास गेले की समजायचं, दुपारचं जेवण गेलं.” त्याला सगळे दादा म्हणतात, साठीच्या आजोबांसकट.

बाहेरून जाड दिसणाऱ्या वायरच्या आत जी काच असते तिची जाडी सव्वाशे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले तर ती झाकली जाईल. त्यातही प्रकाश धावतो तो मधल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. दादाने आवरण सोलले, स्पिरिट लावलेल्या कागदाने काच पुसली, आणि बोटभर यंत्रात घालून टोक सरळ कापले. कापलेला तुकडा त्याने ताबडतोब चिकटपट्टीवर डकवला. “हा पायात गेला तर दिसत नाही, निघत नाही,” तो म्हणाला आणि जवळ आलेल्या लहान मुलीला आजीकडे पिटाळले. मग दोन टोके स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर दोन काळे दांडे एकमेकांकडे सरकले, एक ठिणगी झाली, आणि दांडा एक झाला. पडद्यावर आकडा आला ०.०२. तेवढाच प्रकाश गळतो. “चाललं.”

खरी परीक्षा पुढे होती. कंपनीकडून येणारी एक काच मजल्यावरच्या पेटीत बत्तीस घरांत वाटली जाते, विजेशिवाय, नुसत्या काचेच्या फाट्यांनी. प्रत्येक घराच्या वाट्याला मूळ प्रकाशाचा अगदी थोडा भाग. त्यामुळे शेवटच्या दहा फुटांत वायर कुठे काटकोनात वळली, तरी प्रकाश सांडतो. आणि घर बांधताना इलेक्ट्रिशियनने भिंतीत जो पाइप पुरलेला असतो त्याला कोपऱ्यावर काटकोनी एल्बो. तांब्याच्या तारेला चालत होता, काचेला चालत नाही. दादाने हौसेने तो पाइप वापरून पाहिला. प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर उणे २९ आले. उणे विसाच्या आसपास असले तर तो खूश, उणे सत्तावीसच्या खाली गेले की मोडेमवरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. पेनासारखा लाल लेझर घालून पाहिला, तर भिंतीतल्या खोबणीतून कोपऱ्यावर फिकट लाल उजेड गळताना दिसला. गिऱ्हाईक गृहस्थ वाकून बघत होते. “म्हणजे ही भिंत फोडायची?” “नाही काका. खिडकीतून घेऊ.”

आणि खिडकीच्या चौकटीला भोक पडले. रंग लागून आठवडा झाला नव्हता. काकूंनी तोंड फिरवले. त्या भोकाचे पैसे वेगळे, पण दादाने ते मागितले नाहीत. भिंतीतला पाइप आपण वापरून पाहिला याची भरपाई असावी.

लाइट गेली की

तांब्याच्या जुन्या फोनची एक गोष्ट लोक विसरले. त्याला घरातली वीज लागत नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा दाब त्याच दोन तारांवरून घरापर्यंत येत असे. गावाला अंधार असला तरी फोनला डायलटोन. जॉइंटरकाका सांगतात, बेल वाजत असताना तार धरली की सणसणीत झटका बसायचा, तोही याच तारांतून. मुंबई बुडवणाऱ्या २६ जुलैच्या प्रलयात मोबाइल बंद पडले तेव्हा जिथे एक्स्चेंज कोरडे राहिले तिथे याच तारांवर माणसे एकमेकांना शोधत होती.

काचेत वीज नसते. घरातला मोडेम घरच्या विजेवर चालतो. महावितरणची वीज गेली की इंटरनेट गेले आणि त्याला जोडलेला लँडलाइनचा फोनही गेला. तळोज्यात वीज जाणे ही काही दंतकथा नाही. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पंपापुरता. म्हणून आता प्रत्येक घरात राउटरशेजारी हजार-दीड हजारांची बॅटरी दिसते आणि ती दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. पूर्वी हा खर्च एक्स्चेंज करत असे, आता घर करते. बिलात तो कुठेच नसतो, म्हणून ‘फोन किती स्वस्त झाला’ असे म्हणताना धरला जात नाही.

पण मोबाइल असताना लाइन हवीच कशाला? याचे उत्तरही इमारतच देते. फाइव्ह-जीच्या उच्च वारंवारतेच्या लहरी आरसीसीच्या भिंतींपुढे आणि चकाकत्या काचांपुढे लवकर दमतात. नव्या वस्तीत टॉवर आधीच कमी. ते वाढवावेत तर ‘आमच्या गच्चीवर नको’. लिफ्टच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटमधून बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन बोलणारी माणसे मी पाहिली. घरात वायफाय आले की त्यावरूनच मोबाइलचे कॉल लागतात. देशातल्या तारेच्या जोडण्या २००५-०६ च्या सुमारास पाच कोटींवर गेल्या होत्या, पुढे घसरत २०२० च्या आसपास दोन कोटींवर आल्या, आणि आता फायबरमुळे पुन्हा चढताहेत. मेलेली लाइन परत आली ती या कारणाने.

तारेशिवायची सोय २०२३ पासून बाजारात आहे: गच्चीवर किंवा खिडकीबाहेर डबा, टॉवरवरून सिग्नल, भिंतीतून एकच छोटी वायर. डक्टची कटकट टळते. ज्या इमारतीत बिल्डरने एकाच कंपनीला दार उघडलेय तिथे ही पळवाट फार चालते. छत्रीखालचा मुलगा म्हणाला की त्याचा निम्मा धंदा आता याचा. संध्याकाळी सगळे एकदम बसले की वेग मंदावतो, अशी तक्रार मात्र ऐकली. शिवाय डबा बाहेर लावायला सोसायटीची परवानगी लागतेच.

विषय क्रमांक चार

एका सोसायटीच्या सभेला बसू दिले. पोडियमवर प्लास्टिकच्या खुर्च्या, विषयपत्रिकेवर टँकर, गळती, पार्किंगचे नंबर आणि चौथा ‘इंटरनेट कंपन्यांना परवानगी’. आतापर्यंत एकच कंपनी, बिल्डरच्या काळची. दुसऱ्या दोघींनी अर्ज केले होते.

खजिनदारांनी भाड्याचा प्रस्ताव मांडला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, “ते भाडं कंपनी कुठनं काढणार?” थोडी शांतता. मग कुणी तरी म्हणाले, भाडे नको, पण कंपनीने स्वतःचा पाइप टाकावा. सेक्रेटरींनी सांगितले की प्रत्येक कंपनीने आपला पाइप टाकला तर डक्टचे दार लागायचे नाही, आणि कंपनी गेली की तिचा पाइप तिचा. मग दोन पाइप सोसायटीनेच गच्चीपर्यंत टाकायचे, एल्बो न लावता, लांब वळणाचे, प्रत्येक मजल्यावर पेटी. ज्या कंपनीला यायचे तिने यावे, भाडे नाही, पण डक्टची किल्ली वॉचमनकडे आणि आत केरसुणी ठेवायची नाही, असे ठरत गेले. केरसुणीवर हशा झाला, पण ठरावात ती घेतली.

शेवटी खर्च. सेक्रेटरी म्हणाले, दर घरामागे वाटून पुढच्या मेंटेनन्सच्या बिलात लावू. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले. त्यांच्याकडे लाइन नव्हती, घ्यायची नव्हती, मोबाइलवर बातम्या दिसतात तेवढे त्यांना पुरे होते. त्यांनी पाइपाचे पैसे का द्यायचे? चेअरमननी लिफ्टचे उदाहरण दिले. गृहस्थ म्हणाले, मी पहिल्या दिवसापासून जिन्याने जातो. पुढचा पाऊण तास त्यावर गेला आणि मागे ठेवलेला पार्किंगचा विषय पुढच्या सभेवर ढकलला.